कर्ता कोण?

जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या त्या खोलीत टेबल एकच होतं आणि आमचा सगळा संसार त्याच्यावर चालायचा. सकाळी ह्यांचे शोधनिबंध, मग माझा पोळपाट, मग जेवणाची ताटं, आणि ताटं उचलून फडकं मारलं की ह्यांचा जुना लॅपटॉप. खोली म्हणजे खरोखर एकच खोली. कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा होता, त्याच्यापाशी उभं राहून कोपर जरा जास्त हलवलं तर मिसळणाचा डबा खाली यायचा. हे डॉक्टरेट करायला आलेले आणि मी लग्न करून ह्यांच्यामागून आलेली, पुण्याला मामांकडे राहून गणितात बी.एस्सी. झालेली. हे इन्स्टिट्यूटमध्ये गेले की घरात मी आणि खिडकी. जर्मनचा पहिला वर्ग संपला होता, पुढच्या वर्गात जागा नव्हती. फोनवर माहेरची माणसं विचारत, "मग, काय करतेस तिकडे?" मी म्हणायची, "काही नाही." आणि फोन ठेवल्यावर त्या 'काही नाही'चा मला इतका राग यायचा की मी उगाच ओटा घासत बसायची. मी मुळात गप्प बसणारी बाई नाही. आमच्याकडे म्हणतच, ही पोरगी रिकामी राहिली की भांडण शोधते.

भांडण मला जेवताना सापडलं. हे वरणभात कालवता कालवता म्हणाले, "आमच्या ग्रुपला प्राक्टिकुमसाठी माणूस हवाय. पायथन येणारा. आमच्यात कोणालाच येत नाही, सगळे आपले वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमना ठिगळं लावत बसलोय." प्राक्टिकुम म्हणजे काम शिकता शिकता करायची उमेदवारी, एवढं मला कळत होतं. "पायथन म्हणजे काय?" मी विचारलं. हे म्हणाले, कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. कोणाच्या मालकीची नाही, कोणीही उतरवून घ्यावी, तिच्या पोटात काय आहे तेही उघडून बघावं, सुधारावं. "फुकट?" "फुकट." "मग मी शिकते." ह्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अगं, त्यांना येणारा माणूस हवाय, शिकणारा नाही." मी म्हटलं, "शिकल्यावर येईलच की!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वरणावर आणखी तूप घेतलं. विषय संपवायचा असला की हे तूप घेतात. आजही घेतात, डॉक्टरांनी नको म्हटलंय तरी.

त्या लॅपटॉपवरचा कीबोर्ड जर्मन होता. वाय आणि झेड यांनी एकमेकांच्या जागा बळकावलेल्या, आणि चौकोनी कंस काढायचा तर दोन बोटं वाकडी करून तिसरं ताणायचं. पहिले काही दिवस माझं निम्मं शिक्षण त्या कंसातच गेलं. भाषा मात्र मला आवडली. तिच्यात ओळीच्या डावीकडे किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. शाळेत समास नीट सोडला नाही म्हणून मी इतकी बोलणी खाल्ली होती, की इथे समासच व्याकरण आहे म्हटल्यावर मला हसू आलं. मग आले क्लास आणि ऑब्जेक्ट. इंटरनेटवरच्या धड्यात गाड्यांची आणि कुत्र्यांची उदाहरणं होती, ती माझ्या डोक्यात शिरेनात. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं, क्लास म्हणजे करंजीचा साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे करंजी. साचा एक, करंज्या हव्या तितक्या, प्रत्येकीतलं सारण वेगळं. एवढं ठरवल्यावर मी वहीवर साचेच साचे काढले. आज इतकी वर्षं याच कामात घालवून मी तरुण पोरांना शिकवते, तेव्हाही करंजीच काढते. जर्मन पोरं म्हणतात, आल्झो, म्हणजे हे तर माउलटाशं, त्यांच्याकडची सारण भरून उकडलेली करंजी. म्हणा बाबांनो, काहीही म्हणा, सारण आत असल्याशी कारण.

मी अशी करंज्यांपर्यंत आले आणि आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. अंगानं बारीक, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी येताना ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, लाल मिरच्या आणि लोखंडी तवा आणला होता. तवा बघून विमानतळावरच्या माणसानं काहीतरी विचारलं, तर त्याला म्हणे, "भाकरीले लागते," असं मराठीतच सांगून पुढे आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरी थापायला घेतली. थप थप थप. खालच्या मजल्यावरून छताला काठीचे ठोके आले. मी घाबरून म्हटलं, "आई, खालचे लोक चिडलेत." आई म्हणाल्या, "काऊन? त्यायले भूक लागली का?" त्या दिवसापासून आमच्याकडे भाकरी मांडीवर टॉवेल घेऊन, त्याच्यावर परात ठेवून थापली जाऊ लागली. आवाज कमी झाला. ठेच्याच्या फोडणीनं मात्र सगळा जिना शिंकत असे, त्याला इलाज नव्हता.

पिठाच्या पिशवीखाली आईंनी आणखी एक गोष्ट आणली होती, ती त्यांनी चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेर काढली. मूर्तिजापूरच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा रिकामी होत होती. मुख्याध्यापिका आईंची मैत्रीण. "दोन वर्षं तरी याचं शिक्षण चालते. तोवर तू चाल माह्यासंग. शाळेत लाग, बी.एड. करून घे. याचं झालं की हा येते नाहीतर तू परत ये." मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले, तशा त्या पुढे सरकून बसल्या. "सुजाता, मी तुले घरात भाकरी टाकायले नाही नेऊन राहिली. आमच्या मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदण करून मले शिकवलं. माही सून शिकून-सवरून खिडकीत बसते, हे मले पायवत नाही. इथं तुले कोण ओळखते? याची बायको म्हणूनच ना?" यात खोटं काय होतं? सासूनं छळलं असतं तर मी तोंड वर करून भांडले असते. ह्या बाई माझ्याच बाजूनं बोलत होत्या आणि मला परत नेत होत्या. मी एवढंच म्हटलं, "आई, मी एक गोष्ट शिकतेय. ती जमली तर इथेच काम मिळेल." "काय शिकून राहिली?" "पायथन." "म्हणजे?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "म्हणजे अजगर." आईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाप्पा! गणित सोडून साप?"

तरी ऐकायला त्या तयार होत्या, हे त्यांचं मोठेपण. त्यांच्या परतीचं तिकीट बदलून घ्यायचं होतं, माझं नवीन काढायचं होतं, आणि ट्रॅव्हल एजंटानं शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. म्हणजे शुक्रवारपर्यंत काही ठरलं तर ठरलं. ह्यांनी मग माझ्यासाठी एक केलं. ग्रुपचे प्रमुख डॉक्टर ब्रांट, त्यांच्याकडे जाऊन म्हणाले की माझी बायको पायथन शिकतेय, तिला एकदा भेटाल का? ब्रांटनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. मोजमापांच्या जुन्या फायलींची एक सीडी दिली आणि सांगितलं, यातून प्रत्येक मोजणीचा आलेख काढून दाखवा, शुक्रवारी या. "माझ्यावर उपकार म्हणून भेटतायत," हे म्हणाले, "जास्त आशा ठेवू नकोस." मी म्हटलं, "आशा तुम्ही ठेवा, मी काम करते."

फायली उघडल्या आणि पहिला दणका बसला. जर्मन लोक दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. साडेतीन म्हणजे तीन स्वल्पविराम पाच. पायथनला ते आकडे वाटेचनात. ते मी एका दुपारात निस्तरलं, आणि त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले की आईंना रव्याचा शिरा करून घातला. मग मी मोजणीचा साचा लिहिला. मोजणी नावाचा क्लास, त्याच्या आत फाईल वाचायचं काम, आलेख काढायचं काम. अगदी सुबक. चालवला, तर यंत्रानं एक ओळ तोंडावर फेकली. मराठीत सांगायचं तर, 'ह्या कामाला काहीही लागत नाही, तुम्ही एक दिलंय.' मी बघितलं. मी काहीच दिलं नव्हतं. कंस रिकामे होते. पुन्हा चालवलं. तुम्ही एक दिलंय. कंस पुसून परत घातले. तुम्ही एक दिलंय. समास तपासले, लॅपटॉप बंद करून चालू केला, धड्यातली उदाहरणं डोळे फोडून वाचली. बुधवार त्यात गेला. गुरुवारी सकाळी तीच ओळ परत बघितली आणि माझं डोकं फिरलं. मी त्या लॅपटॉपसमोर उभी राहून ओरडले, "अरे मेल्या, मी काही दिलेलंच नाही! रिकाम्या हातानं आलेय! कोणी दिलं तुला एक?"

आई ओट्यापाशी लसूण सोलत होत्या. "कोणाशी भांडून राहिली वं?" मी रडकुंडीला आले होते. खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. म्हणजे काम सांगितलंय 'वाच', आणि तो म्हणतो 'एक जास्तीचं आलंय'. मला वाटलं होतं त्या म्हणतील, सोड तो नाद. पण बाई जन्मभर व्याकरण शिकवून आलेल्या. हातातली लसणाची पाकळी तशीच धरून त्यांनी सवयीनं विचारलं, "वाच म्हणजे? कोण वाचते? कर्ता कोण?"

"मोजणीच वाचते स्वतःची फाईल," मी म्हटलं.

"मंग लिवलं का तसं?"

"त्यात काय लिहायचं? कळतंच की ते."

"तुले कळते," आई म्हणाल्या. "आपल्या मराठीत 'वाचते' म्हटलं की बाई वाचते, एकटी वाचते, सगळं क्रियापदातच येते. कर्ता गाळला तरी बिघडत नाही. म्हणून तर पोरं कर्ता ओळखा म्हटलं की डोकं खाजवत. ह्या तुह्या अजगराले मराठी येते का?"

मी उठलेच. आम्ही मराठी माणसं दिवसभर 'येते, जेवते, झोपते' म्हणत असतो, त्यात 'मी' म्हणायची गरजच पडत नाही. जर्मनच्या वर्गात बाई माझ्यापुढे येऊन "वेर? वेर?" करायच्या, कोण, कोण, आणि मी दर वेळी 'इश', म्हणजे 'मी', हा शब्द खायची. इथेही तेच केलं होतं. करंजीला काम सांगितलं की पायथन स्वतःहून त्या करंजीलाच पुढे सरकवतो, म्हणतो, ही बघ हिचं काम आहे. तेच ते 'एक'. आणि आत त्याला धरायला मी जागाच ठेवली नव्हती. धड्यातल्या प्रत्येक उदाहरणात तो 'सेल्फ' शब्द पहिल्या जागी होता. मी तो वाचत होते आणि उगाचचा म्हणून सोडून देत होते! कंसात सेल्फ लिहिलं आणि चालवलं. स्क्रीनवर एक लाल रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली. पहिल्या मोजणीचा आलेख. मी आईंना मिठी मारली. त्यांचे हात लसणाचे, त्यांनी कोपरांनीच मला धरलं आणि म्हणाल्या, "बस बस, अजून बाकीच्या आहेत ना?" आणि मग जरा वेळानं, लसूण ठेचता ठेचता स्वतःशीच, "मीच सांगून बसली की." मला परत न्यायला निघालेल्या बाईंनीच मला इथे राहायची वाट दाखवली होती, हे मलाही समजलं.

शुक्रवारी मी एकटीच गेले. ह्यांना म्हटलं, तुम्ही तुमच्या लॅबमध्येच बसा, दाराशी घुटमळायचं नाही. डॉक्टर ब्रांट उंच, खांद्यात वाकलेले, बोलताना खिडकीबाहेर बघणारे. त्यांनी माझा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. मध्ये मध्ये "आल्झो" म्हणत. एका ओळीवर थांबून त्यांनी विचारलं, हा स्वल्पविराम तुम्हाला कोणी सांगितला? मी म्हटलं, तुमच्याच फायलींनी. त्यावर ते किंचित हसल्यासारखे वाटले. मग एकामागून एक आलेख निघाले, एका फाईलवर प्रोग्रॅम अडकला, माझे कान तापले, पण ती फाईलच अर्धी निघाली. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "वीर मेल्डन उन्स." म्हणजे आम्ही कळवू. जर्मनीत राहून जे काही थोडं शिकले होते त्यात हे वाक्य होतं. कळवू म्हणजे बहुतेक करून कळवत नाहीत. उद्या तर शनिवार.

मी उठले. मनातून अगदी खचले होते, आणि माणूस खचला की त्याच्या तोंडून घरचीच भाषा येते, शब्द कुठल्याही देशातले असोत. आपल्याकडे कोणाच्या घरून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, ते अभद्र. 'येते' म्हणायचं. मी दारात वळून, मान लववून, अगदी वळणाप्रमाणे म्हटलं, "इश कोमं." येते मी.

डॉक्टर ब्रांट माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या भाषेत मी निघत नव्हते, मी येत होते. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "वान?" कधी?

काय घोटाळा झालाय ते मला कळायला एक क्षणच लागला. माफ करा, मला तसं म्हणायचं नव्हतं, आमच्यात निघताना असं म्हणतात, हे सगळं सांगायला लागणारं जर्मन मला येत होतं. खरं सांगते, वाक्य जिभेवर तयार होतं. पण मी विचार केला, का म्हणून? आठवडाभर मी ह्या माणसाच्या फायलींशी झटलेय, काम करून दाखवलंय, आणि आता तोच विचारतोय कधी येतेस, तर मी त्याला नाही म्हणायला सांगू? मी दारात सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "मोनटाग." सोमवारी. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग स्क्रीनवरच्या लाल रेघेकडे. "मोनटाग," ते म्हणाले. "नऊ वाजता. आधी सेक्रेटरीकडे जा, परवानगीचं काय लागतं ते ती बघेल." मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि त्यांनी आणखी काही विचारायच्या आत जिना उतरले.

घरी सांगितलं तर हे डोकं धरून बसले. "म्हणजे ते हो म्हणालेच नाहीत! तूच येते म्हणालीस! सोमवारी त्यांनी विचार बदलला तर?" "तर सोमवारी बघू." "अगं, पण तिकीट उद्या काढायचंय! ते सोमवारी नाही म्हणाले तर तिकडची शाळाही गेली आणि इकडचंही गेलं." ह्यांचं बरोबर होतं. आईंनी चष्मा लावला, डायरीतून नंबर काढला आणि ह्यांना म्हणाल्या, फोन लावून दे. मूर्तिजापूरला त्यांच्या मैत्रिणीला फोन लागला. इकडचं-तिकडचं झालं, पाऊसपाणी झालं, आणि मग आई शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात म्हणाल्या, "हो, त्याच्यासाठीच फोन केला. आमची सुजाता नाही येत. तिले इथं नोकरी लागली." फोन ठेवल्यावर मी घाबरून म्हटलं, "आई, अजून लागली नाहीये!" आई म्हणाल्या, "आता लागली. मी सांगून बसली ना. मी कधी कोणाशी खोटं बोलली नाही, या वयात मले खोटं पाडू नको." मला रडू कोसळलं. आई म्हणाल्या, रडून राहिली तर प्रोग्रॅम कोण लिवन, आणि ह्यांना बजावलं, उद्या हिचं तिकीट काढायचं नाही.

सोमवारी मी पहाटेच उठले. केस विंचरून, तो एकुलता एक बरा कोट काढून ओट्याकडे वळले, कारण जेवणाचं कोण बघणार? आईंनी पुढे होऊन मला हातानंच बाजूला केलं. पलंगावर हे पांघरुणात गुडुप झोपलेले. आईंनी पांघरूण ओढलं आणि, खालच्या मजल्याची पर्वा न करता, वर्गात हजेरी घेतल्यासारख्या कडाडल्या, "ऊठ! कणीक मळ. माह्या सुनेले ऑफिसले जायचं हाये."